चौथ्या डोसची दवंडी

घाबरू नका, आज ओरडणार नाही. मी सरकारी जीपवरचा भोंगा बोलतोय. जन्मभर ओरडलो, आता जरा हळू सांगतो.

तुर्भ्याच्या एका लहानशा कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा दाबून मला आकार दिला, अंगाला राखाडी रंग फासला आणि मी सरकारी नोकरीला लागलो. पहिलं काम जमिनीचं. खाडीकाठच्या गावांतून जीप फिरायची आणि मी सांगायचो, इथे नवं शहर होणार, जमिनी द्या, घरटी एकाला नोकरी मिळेल. लोक अंगणात येऊन ऐकायचे. शहर उभं राहू लागलं. नोकऱ्या थोड्यांनाच मिळाल्या. त्याबद्दल मात्र मला कुणी कधी बोलायला लावलं नाही.

पुढे मी आरोग्य केंद्राच्या जीपवर गेलो. तिथला नंदकुमार माईक धरून म्हणायचा, "पोलिओचे तीन डोस, बाळ कायमचं सुरक्षित!" वाक्य त्याचं नव्हतं, वरून आलेलं होतं. पण तो ते इतक्या मनापासून म्हणायचा की आया पोरं कडेवर घेऊन धावत यायच्या. मला माझ्या आवाजाचा अभिमान वाटायचा.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास नवा हुकूम आला. दीड वर्षाच्या मुलांना बूस्टर द्यायचा, म्हणजे तीनवर चौथा डोस. का, ते कुणी सांगितलं नाही. "कारणं सांगत बसू नका, लोकांचा गोंधळ होतो," एवढंच साहेब फोनवर म्हणाले.

उलव्याकडच्या एका गावात देवळापुढे जीप थांबली. नंदकुमारने हाक दिली. कुणी हललं नाही. शेवटी यशोदाबाई पुढे आल्या. मिठागरात राबून हात रापलेली बाई, कडेवर दीड वर्षाची नात.

"तवा तुमीच सांगितलात ना, तीन झाले की पोर कायमचं सुरक्षित? मंग ह्यो चौथा कशाला?"

"मावशी, वरून ऑर्डर आलीय. बूस्टर म्हणतात त्याला."

"जमिनीचं पन ह्याच भोंग्यातून सांगितलं व्हतं. त्ये पन वरूनच आलं व्हतं. आता तीनचं खोटं व्हतं का चौथ्याचं खोटं हाय, त्येवढं सांगा."

नंदकुमारने माईक खाली ठेवला. लसीचा थर्मास तसाच परत गेला.

त्याच आठवड्यात शेजारच्या पाड्यावर एका पोराचा पाय लुळा पडला. त्याचे तीनही डोस झालेले होते. डोसनंच पाय गेला, अशी बोलवा उठली, आणि तान्ह्या बाळांचा पहिला डोससुद्धा बंद पडला. वरून कुणी काही बोलेना.

तेव्हा केंद्रातल्या तरुण डॉक्टर सरोजिनी स्वतः जीपमध्ये बसल्या. देवळापुढे त्यांनी माईक मागितला.

"मॅडम, साहेबांना कळलं तर?" नंदकुमार म्हणाला.

"कळू दे."

मग माझ्यातून त्यांचा आवाज आला. "तीन डोस पुरतील असं आम्हाला वाटत होतं, म्हणून तसं सांगितलं. आता दिसतंय की काही मुलांना तीन पुरत नाहीत. म्हणून चौथा. 'कायमचं' हा शब्द आम्ही वापरायला नको होता. त्या पोराचा पाय कशानं गेला, ते मला अजून माहीत नाही. वर विचारलंय. जे कळेल ते इथे येऊन सांगेन."

एवढं बोलून त्यांनी माईक ठेवला आणि खाली उतरून पारावर बसल्या. बायका हळूहळू जवळ सरकल्या. भांडल्याही.

"आनि उद्या पाचवा निघाला तर?" यशोदाबाईंनी विचारलं.

"निघाला तर सांगेन. का निघाला, तेही सांगेन."

यशोदाबाईंनी नातीला मांडीवर घेतलं. मग त्यांनी नातीचे गाल दाबून तोंड उघडलं. थेंब पडले तशी पोर तोंड वाकडं करून रडायला लागली. सगळ्या काही आल्या नाहीत. काही जणी पोरांना पदराखाली घेऊन घरी गेल्या. पण पहिला डोस पुन्हा सुरू झाला.

डॉक्टरांना कचेरीत बोलावणं आलं, आणि थोड्या दिवसांत लांबची बदली. जाण्याआधी त्या गावात आल्या, मग शेजारच्या पाड्यावर गेल्या. लुळ्या पायाच्या त्या पोराच्या आईसमोर बसून म्हणाल्या, "उत्तर आलेलं नाही. आलं नाही, हे तरी सांगायला हवं, म्हणून आले." त्या माउलीने उठून त्यांना चहा दिला.

आता माझा आतला पडदा फाटलाय. केंद्राच्या माळ्यावर पडून असतो. नंदकुमार घरोघर जातो, दारात उभा राहतो, लोक विचारतात ते ऐकतो. त्याला परतायला पूर्वीपेक्षा उशीर होतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्यातून आवाज फक्त बाहेर जायचा, कुणाचा आत येत नसे.

माझ्या जागी नवा भोंगा येईल, माझ्याहून मोठ्या आवाजाचा. त्याला एवढंच सांगा, बोलून झालं की लगेच पुढच्या गावाला निघू नकोस. थोडा थांब. मागे कुणीतरी काहीतरी विचारत असतं.