घडीत अडकलेलं उत्तर

मित्रांनो, दमलोय मी. खरं सांगू? कंटाळलोयसुद्धा. मी ऑफिसच्या कामाचा एक जुना चॅट ग्रुप. एका बाजूला हॉस्पिटल, दुसऱ्या बाजूला कृत्रिम पाय बनवणारं वर्कशॉप आणि मधे मी. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड तर नाहीच. तरी दिवसभराची सगळी बोलणी माझ्याच पोटातून जातात.

सुरुवातीला किती सुखात होतो! माझ्यात दोनच माणसं. हॉस्पिटलातल्या फिजिओ ताई, म्हणजे पाय गमावलेल्यांना पुन्हा चालायला शिकवणाऱ्या, आणि वर्कशॉपचे मिस्त्री. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं. ताई लिहायच्या, "दादा, आजींना पाय वरच्या बाजूला टोचतोय." मिस्त्री लिहायचे, "पाठवून द्या ताई, घासून देतो. आजींना म्हणावं, रुसू नका." की पाय गुळगुळीत होऊन परत! "हा ग्रुप आहे म्हणून निभतंय बाई," असं ताईंनी लिहिलं, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग दोन्हीकडच्या साहेबांना माझा शोध लागला. खरेदीवाले आले, दर्जा तपासणारे आले, आपण इथे कशाला आलो हे न कळलेलेही आले. सकाळी उठून 'सुप्रभात', कुणाच्या बढतीला 'अभिनंदन', त्यावर टाळ्या, टाळ्यांवर 'धन्यवाद'. माझी घंटा ऐकून ताईंचे कान किटले आणि त्यांनी ती बंद करून टाकली. वाईट वाटलं मला, पण त्यांचं तरी काय चुकलं?

ही गर्दी आवरायला वर्कशॉपच्या साहेबांनी आपल्या माणसांसाठी फर्मान काढलं. उत्तर मोकळ्यावर लिहायचं नाही, ज्या मेसेजचं असेल त्याच्या घडीत लिहायचं. घडी म्हणजे मेसेजखालचा एक कप्पा. त्यावर बोट ठेवलं तरच उघडतो, नाहीतर आतलं काही दिसत नाही. नियम चांगला होता हो! पण हॉस्पिटलला तो कुणी सांगितलाच नाही. तिकडे सगळे मोकळ्यावरच लिहायचे आणि मोकळ्यावरच वाचायचे.

अशातच गणिताच्या सरांचं काम आलं. अपघातात त्यांचा एक पाय गेला होता आणि निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. "बसून गणित शिकवता येत नाही मला. शाळा उघडेल त्या दिवशी फळ्यापाशी उभं करा," असा त्यांनी ताईंकडे हट्टच धरला. ताईंनी माप पाठवलं आणि माझ्यात लिहिलं, "दादा, सरांचा पाय शाळा उघडायच्या आत हवा. मी शब्द दिलाय त्यांना."

मिस्त्रींनी लगेच उत्तर दिलं. घडीत. "करतो ताई. फक्त सर कोणते बूट घालतात ते कळवा. टाचेची उंची कळल्याशिवाय पाऊल बसवता येत नाही."

तेवढ्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक धडाधड येऊन पडले आणि तो मेसेज घडीसकट वर ढकलला गेला. ताईंना काही दिसलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "दादा, पाय कुठवर आला?" घडीत उत्तर, "बुटांवर अडलंय ताई." ताई म्हणाल्या, "दादा, काहीतरी कळवा ना!" घडीत उत्तर, "ताई, बूट?"

इकडे ताई फणकारल्या, एवढी वर्षं दादा दादा केलं, आता साधं उत्तर द्यायलाही जड झालं! तिकडे मिस्त्री चिडले, मी विचारतोय ते सांगत नाहीत आणि वर मलाच घाई करतात! दोघांचंही सगळं माझ्या पोटात होतं. जीव नुसता कळवळत होता, पण ओरडणार कुठून?

शाळा उघडली. त्या दिवशी ताईंनी लिहिलं, "सर खुर्चीत बसून शिकवतायत. हात पोचेल तेवढ्याच फळ्यावर लिहितात. मागच्या बाकांना काही दिसत नाही. तुमच्याकडे माणसं आहेत की नुसती यंत्रं?"

एरवी टाळ्या वाजवणारी ती सगळी गर्दी चिडीचूप. मिस्त्रींनी लिहिलं, "ताई, रागावलात का? माझं काय चुकलं?" तेही घडीतच!

शेवटी सरच कुबड्या घेत वर्कशॉपमध्ये जाऊन थडकले. मिस्त्रींनी त्यांच्या बुटाची टाच मोजली आणि तिथूनच ताईंना पहिल्यांदा फोन लावला.

"ताई, बूट मिळाला."

"कसला बूट?"

"अहो, कधीपासून विचारतोय!"

"कुठे विचारलंत दादा?"

"तुमच्याच मेसेजच्या खाली की!"

ताईंनी आपल्या मेसेजखालचे सगळे कप्पे उघडले. एकेक ओळ वाचत खाली गेल्या आणि 'रागावलात का'पाशी येऊन थांबल्या.

सरांचा पाय झाला. ते फळ्यापाशी उभेही राहिले. पण त्यांच्या नोकरीतला शाळेचा तो शेवटचा पहिला दिवस खुर्चीतच गेला. तो मी त्यांना कुठून परत देऊ?

त्यानंतर तर आणखी गंमत! ताईंनी शहाणपणाने घडीत लिहिलं, "चुकलं माझं, दादा." आणि मिस्त्रींनी साहेबांचं फर्मान बाजूला ठेवून मोकळ्यावर लिहिलं, "माफ करा ताई." आता ताई उत्तर घडीत शोधतायत आणि मिस्त्री मोकळ्यावर. पुन्हा दोघांची चुकामूक! मी कपाळाला हात लावला असता, पण कपाळही नाही आणि हातही नाही. या वेळी मात्र ताईंनी घटकाभर वाट पाहिली आणि सरळ फोन लावला.

मित्रांनो, मी आता थकलोय. उद्या माझ्या जागी दुसरा येईल, माझ्याहून चपळ. त्याच्यात उगाच गर्दी करू नका. आपली लिहायची रीत समोरच्याला सांगून ठेवा. आणि कुणाचं उत्तर आलं नाही, तर त्याला वाईट ठरवण्याआधी एकदा हाक मारा. मला आवाज नव्हता, तुम्हाला आहे.