उजव्या कानामागच्या लिखा

आमच्या ह्यांचे केस मीच कापते. माझं पार्लर बायकांचं, पण सोमवारी बंद असतं. तेव्हा ह्यांना खुर्चीत बसवायचं, गळ्याभोवती कापड बांधायचं आणि महिनाभराचं सगळं ऐकवायचं. हातात कात्री असली की नवरा उलट बोलत नाही. ह्यांच्या डोक्यात दोन भोवरे आहेत. दोन भोवरे म्हणजे दोन बायका, असं म्हणतात, आणि ते खरंही झालं. पहिलीशी फारकत झाली, मुलगी तिच्याकडे राहिली, दुसरी मी. त्या घराचं नाव या घरात निघायचं नाही, ही माझी अट होती. तिसरा भोवरा नाही, हे मी लग्नाआधीच बघून घेतलं होतं.

तर त्या सोमवारी उजव्या कानामागे कंगवा घातला आणि माझा हात थांबला. तपकिरी ठिपका. कोंडा असेल म्हणून फुंकर मारली. कोंडा असता तर उडाला असता, निदान बोटाने घसरला तरी असता. हा ढिम्म हलेना. तिळापेक्षा बारीक, केसाच्या एका अंगाला चिकटून बसलेला. नखात धरून ओढला तर केसच हातात आला. लीख होती. शेजारी दुसरी, तिच्याखाली तिसरी.

आमच्या धंद्यात रोज डोकी बघावी लागतात, म्हणून सांगते. ऊ अंडं घालते ते केसाच्या मुळाशी, उबेला. मग केस वाढतो तशी लीख मुळापासून लांब जाते. लांब गेलेली, पांढरी पडलेली लीख म्हणजे नुसतं टरफल, जुनी गोष्ट. मुळाशी असलेली तपकिरी म्हणजे ताजी, जिवंत. आणि ऊ उडत नाही की उडी मारत नाही. डोक्याला डोकं टेकलं की चालत जाते.

मी माझ्या डोक्यातून फणी फिरवली. काही नाही. मग ह्यांच्या उजव्या कानाला कुणाचं डोकं टेकत होतं?

"कुणाचं तरी हेल्मेट घातलं असेन," हे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, बसच्या सीटवरून आली असेल. एका प्रश्नाला दोन उत्तरं. पाणी कुठेतरी मुरत होतं.

हे चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. तिथे हल्ली काउंटरवर एक आली आहे, तिला मी मनातल्या मनात कुरळी म्हणते. तिचं स्टूल ह्यांच्या उजव्या हाताला. आणि दर बुधवारी ह्यांना घरी यायला उशीर. आणखी काय पाहिजे? दुसऱ्याच दिवशी दुकानात गेले, तोंडभरून हसले आणि म्हटलं, "काय गं सुंदर केस तुझे. ये ना पार्लरला, हेअर स्पा करून देते. पैसे नकोत." फुकट म्हटल्यावर कोण सोडतं?

बया आली. तिचं डोकं मी चांगलं तासभर धरून ठेवलं. भांगामागून भांग पाडला, क्लिपा लावल्या, दिवा खाली ओढला. कानामागे बघितलं, मानेवर बघितलं. एक तरी सापडू दे, अशी आत नुसती आग लागली होती. एकही नाही. कोंडासुद्धा नाही मेलीच्या डोक्यात.

जाताना म्हणाली, "तुमचे हे किती करतात हो तुमच्यासाठी. बुधवारी तर तासभर आधीच पळतात घरी."

घरी आल्यावर मी ह्यांना ताटावर बसू दिलं नाही. "बुधवारी तासभर आधी निघता आणि तासभर उशिरा येता. कुठे जाता?"

ह्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "पोरीकडे. वाचनालयात भेटते शाळेनंतर. तिला गोष्टी वाचून दाखवतो. खांद्यावर डोकं टाकून ऐकते."

"कधीपासून?"

"थांबवलंच नव्हतं कधी."

बाई असती तर मी झिंज्या उपटल्या असत्या. आठ वर्षांच्या पोरीचं काय उपटणार? पण जळफळाट झाला तो झालाच, कुरळीच्या वेळेपेक्षा जास्त. मला ह्यांनी कधी पेपरातली बातमी वाचून दाखवली नाही. आणि आमच्या घरात खांद्यावर डोकं टाकायला कुणी आलंच नाही, डॉक्टर करून झाले, सगळं करून झालं.

"तुमच्या काढून उपयोग नाही," मी म्हटलं. "तिच्या डोक्यात आहेत तोवर दर बुधवारी नव्या घेऊन याल. सोमवारी शाळा सुटली की आणा तिला. पार्लरमध्ये. घरी नाही."

आणली. किडकिडीत पोर, कमरेपर्यंत केस. खुर्ची उंच केली, दिवा ओढला. मुळाशी जिवंत लिखा होत्याच, पण मुळापासून पेर-दीड पेर लांबही होत्या, पांढऱ्या, रिकाम्या. केस महिन्याला अर्धं पेर वाढतो. म्हणजे दोन-तीन महिने हे डोक्यात चाललं होतं आणि तिच्या आईला पत्ता नव्हता. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

एका बैठकीत हे काम होत नाही. राहिलेली एखादी लीख आठवड्याने फुटते, म्हणून पुन्हा बोलवावं लागतं. पुन्हा आली. मी तेल लावून एकेक बट ओढत होते, ती शाळेतल्या कुणा भांडकुदळ मैत्रिणीचं सांगत होती. सांगता सांगता डोळे मिटले आणि डोकं मागे, माझ्या पोटावर टेकलं. मी फणी तशीच धरून उभी राहिले. बाहेर बाकावर बसलेल्या ह्यांना काचेतून दिसत होतं. मी मुद्दाम वळले नाही.

त्यानंतरच्या सोमवारी सगळं डोकं बघितलं. दोनदा बघितलं. फणी पांढऱ्या कापडावर झटकली, कापड कोरं. मुळाशी काही नाही, लांबही काही नाही.

"गेल्या का, काकू?" तिने विचारलं.

"छे गं. आहेत अजून," मी म्हटलं. "पुढच्या सोमवारी ये. आणि तोवर आईला डोक्याला हात लावू देऊ नकोस."