परक्या छातीवरचे हात

मुजफ्फर पडला तेव्हा त्याच्याभोवती माणसांची कमी नव्हती. सावली गावचा आठवडी बाजार भरला होता. आपल्या बांगड्यांच्या दुकानाचं शटर वर ढकलता ढकलताच तो कोसळला. कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी तळपाय चोळले. त्याची बायको शकिला ओढणीनं वारा घालत राहिली. शेवटी कुणाच्या तरी गाडीत घालून दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांनी नुसती मान हलवली. भेटायला आलेला प्रत्येक जण एकच सांगून गेला, की त्याची वेळ आली होती. शकिलानंही ते धरून ठेवलं.

नवऱ्यामागे घरात बसायची इद्दत संपली तशी तिनं दुकान उघडलं. गिऱ्हाईक बाईचा हात दाबून ती मापाची बांगडी चढवायची, भाव सांगायची. बाई खंबीर आहे, असं लोक म्हणत. खरं तर तिच्या आत काही हलतच नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. भाजीत मीठ राहिलं तरी गुड्डीनं, तिच्या मुलीनं, सांगेपर्यंत तिला कळत नसे.

नणंद नाहीद सरकारी दवाखान्यात नर्स होती. काळीज बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे ती लोकांना शिकवायला लागली होती. शकिलानंही यावं, असा तिनं आग्रह धरला.

"ज्याच्यासाठी शिकाचं तो तं गेला," शकिला म्हणाली.

"लोकं वारा घालतेत भाभी, कारण त्याईले दुसरं काई कोणी शिकवलंच नाई," नाहीद म्हणाली. "तुले येत नव्हतं, यात तुही चूक नाई. पण आता शिकाले भेटूनही आपण नाई शिकलो, तं ते आपल्यावर हाय."

वाद घालायचं त्राण नव्हतं, म्हणून शकिला गेली. रबरी पुतळ्यापुढे गुडघे टेकले. माणूस हाकेला ओ देत नसेल, छाती नीट वर-खाली होत नसेल, तर आधी कुणाला तरी १०८ ला फोन करायला लावायचं. मग छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोरात, भराभर दाबायचं, दर वेळी छाती पुरती वर येऊ द्यायची. घशातून अधूनमधून घरघर येते, तिला श्वास समजायचं नाही. हे सगळं नाहीदनं पुन्हा पुन्हा करून घेतलं. शकिलाची मनगटं दुखली. बाकी काहीच वाटलं नाही.

धानकापणी आटोपल्यानंतरच्या एका बाजारात दुकानासमोर दादाजी आणि मैना मासळी विकत बसले होते. हे नवराबायको वैनगंगेकाठच्या गावचे. दादाजी तराजू उचलायला उठला आणि घमेल्यावरच आडवा झाला. गर्दी जमली. समोरचे किराणावाले मुखरूभाऊ कांदा घेऊन धावले. घशात घरघर आहे म्हणजे श्वास आहे, असं ते सगळ्यांना सांगत होते.

शकिला गर्दीत शिरली. दादाजीचा खांदा हलवून तिनं हाका मारल्या. छाती वर येत नव्हती. मुखरूभाऊंना फोन लावायला सांगून तिनं आपले हात त्याच्या छातीवर ठेवले.

फोन झाला तसे मुखरूभाऊ म्हणाले, "बाई, परक्या माणसाले असा हात लावते का? काई झालं तं पोलीस तुलेच धरतीन."

तिनं वर पाहिलं नाही. "मैनाबाई, याईचं काळीज थांबलं हाय. मी दाबून राह्यली. मले थांबवू नोका."

मैनाच्या हातावर अजून खवले चिकटलेले होते. "दाब वो बाई," ती म्हणाली आणि गर्दीला मागं ढकलायला लागली.

तळहाताखाली बरगडी कडकन मोडली. मारून टाकते काय, असं कोणीतरी ओरडलं. शकिला थांबली नाही. दंडातली ताकद संपत आली तेव्हा तिनं मुखरूभाऊंना शेजारी बसवलं, त्यांचे हात धरून जागेवर ठेवले. "इथी. जोरानं." ते दाबू लागले. दोघं आळीपाळीनं दाबत राहिले. अँब्युलन्स आली, डॉक्टरांनी शॉक दिला, मानेवर बोटं ठेवली. नाडी लागली होती!

शकिलानं हात धुतले आणि दुकानात जाऊन बसली. आनंदही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी नाहीद सांगत आली. दादाजीनं चंद्रपूरच्या दवाखान्यात डोळे उघडले होते आणि मासळी विकली का, असं मैनाला विचारलं होतं.

शकिला ऐकत राहिली. बाजार तोच, रस्ता तोच, पडणंही तसंच. आणि हा माणूस मासळीचं विचारतो आहे! त्याची वेळ आली होती, हे जे इतके महिने धरून ती उभी होती ते हातातून निसटलं.

"म्हणजे ते बी वाचले असते?" तिनं विचारलं.

नाहीद खोटं बोलली नाही. "सांगता नाई येत भाभी. कितीकदा दाबूनही माणूस जाते. पण भाईले एक मौका भेटाले पायजे होता. तो नाई भेटला."

शकिला गल्ल्यावर डोकं टेकून रडली. मुजफ्फर गेल्यापासून पहिल्यांदाच. गिऱ्हाईक येऊन परत गेलं तरी तिला कळलं नाही. त्या दुखण्यात मुजफ्फर पुन्हा तिचा झाला होता.

पुढच्या शिकवणीला मुखरूभाऊ स्वतः आले, सोबत बाजारातले व्यापारी घेऊन. पोलिसांचं काय, हा प्रश्न निघालाच. चांगल्या मनानं मदत करणाऱ्याच्या पाठीशी कायदा असतो, असं नाहीदनं समजावलं. मग तिनं शकिलाला पुढे बोलावलं. बाई-माणूस, आपला-परका हे सगळं मागून पाहू, आधी हात ठेवा, एवढंच शकिला बोलली आणि मुखरूभाऊंचे कोपर सरळ करून दिले.

वाचकहो, पडलेल्या माणसाभोवती आपण सगळेच जमतो. आपल्या मनात दया असते, धावपळही असते. पण दयेनं काळीज चालत नाही, ते हातांनी चालवावं लागतं, आणि त्या हातांना आधी शिकवावं लागतं. हे शिकायला एक दुपार पुरते. आपल्या माणसावर वेळ येण्याआधीची कुठलीही दुपार.