बिनचुलीचे लाडू

कोको निब्स म्हणजे कोकोच्या बियांचे बारीक, कडू, कुरकुरीत तुकडे. गौतमी दौंडहून ते दोन पिशव्या भरून इनामगावात घेऊन आली होती. खजूर मळायचा, त्यात घरून आणलेला दाण्याचा कूट आणि तीळ घालायचे, निब्स मिसळायचे, तुपाचा हात लावून लाडू वळायचे. पाक नको, ओव्हन नको. महिला गटाला हे पटलं तर पाच गावांत वर्षभर शिकवायचं काम तिला मिळणार होतं आणि कुरकुंभच्या कंपनीतली पॅकिंगची नोकरी एकदाची सुटणार होती.

गटाची सेक्रेटरी स्नेहल ही तिची शिरूरच्या कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन इनामगावच्या बागायतदाराघरी आलेली. गौतमी आधी बेसनाचे लाडू करायची. हल्ली लोकांना बिनचुलीचं, हेल्दी हवं असतं, असं स्नेहलनंच तिच्या डोक्यात भरवलं, आणि आठ महिने पाकिटं इनामगावात नेऊन खपवलीसुद्धा. मैत्रीण असावी तर अशी, असं गौतमी दौंडभर सांगत फिरायची.

स्नेहलच्या अंगणात बारा बायका जमल्या. गौतमीनं पहिला लाडू वळला तो स्नेहलच्या सासूबाई, सारजाबाई, यांनी थेट तिच्या हातातून घेतला आणि अर्धा तोंडात टाकला. बौद्ध वस्तीतल्या पोरीच्या हातचं, भर अंगणात, सगळ्यांदेखत! आपण उगाच या लोकांबद्दल मनात काहीबाही धरून बसलो, असं वाटून गौतमीला स्वतःचीच लाज वाटली.

शेजारची नकुशी मात्र लाडू हातात धरून नुसती बसली होती. सारजाबाईंनी तिला समजावलं.

"खा गं. चुलीवरचं कुठं हाय? त्यांच्याकडचं कोरडं आपुन घेतोच की. इस्तव लागला न्हाई, तर इटाळ कसला?"

हे त्या अगदी मायेनं बोलल्या, हेच जास्त वाईट. प्रत्येकीच्या हातात स्मार्टफोन, गटाचं खातं ऑनलाइन, आणि विटाळ मात्र चुलीपाशी राखण करत बसलेला! गौतमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं स्नेहलकडं पाहिलं. स्नेहल डब्यांची झाकणं लावत होती.

गप्प बसली असती तर काम मिळालं असतं. हे तिला नीट कळत होतं. तरी तिनं हात पुसले.

"मावशी, दाण्याचा कूट कच्च्या दाण्यांचा करतात का? हे दाणे माझ्या आईनं भाजलेत. तीळही तिनंच. निब्स कच्चे आंबट लागतात, ते मी भाजते. आमच्या कढईत, आमच्या गॅसवर. आठ महिने तुम्ही तेच खाताय."

सारजाबाईंचं तोंड हलायचं थांबलं. त्या उठून मोरीकडं गेल्या. थुंकल्याचा आणि मग चूळ भरल्याचा आवाज अंगणात स्पष्ट ऐकू आला. नकुशीनं लाडू परातीत ठेवला आणि तळवा पदराला पुसला. बाकीच्याही एकेक करून उठल्या.

गौतमी पिशव्या उचलून निघाली. स्नेहल फाटकापर्यंत धावत आली.

"कशाला बोललीस? मला माहीत होतं ना सगळं. म्हणून तर बेसनाचे बंद करून हे करायला लावलं तुला. तुझ्याच भल्यासाठी. मी आईंना समजावते. यापुढं दाणे आमच्याकडं भाजू, तू फक्त वळ."

ज्या सल्ल्याला गौतमी आठ महिने मैत्री समजत होती, तो हा होता.

"त्या आज एकदा थुंकल्या, स्नेहल. तू आठ महिने थुंकत होतीस. हसून."

स्नेहल रडायला लागली. गौतमीला तिची जराही दया आली नाही. ती मागं वळूनही न पाहता फाट्याकडं चालू लागली.

दौंडला उतरल्यावर ती घरी न जाता पाकिटांची लेबलं छापणाऱ्या ज्ञानेशच्या दुकानात गेली. 'बिनचुलीचे' हा शब्द काढून त्या जागी नवी ओळ टाकायला तिनं सांगितलं: दाणे, तीळ व कोको निब्स आमच्या घरी, आमच्या गॅसवर भाजलेले. खाली नुसतं 'दौंड' नको, पूर्ण पत्ता हवा. गौतमी, भीमनगर, दौंड.

ज्ञानेशनं कीबोर्डवरून हात काढले. अशानं गिऱ्हाईक तुटेल, असं त्यानं चाचरत सांगून पाहिलं.

"तुटू दे," गौतमी म्हणाली. "पण खायच्या आधी वाचता आलं पाहिजे. अक्षरं मोठी घ्या."