बेटावरून आलेलं स्थळ

"आई, मुलगी मॉरिशसची आहे," अभिजित म्हणाला, आणि माझ्या हातातलं पातेलं पडता पडता राहिलं. मॉरिशस! अरे, लोक तिथे हनिमूनला जातात, सोयरीक करायला कोण जातं?

आमचे हे सोफ्यावरून म्हणाले, "अगं नीलांबरी, मराठीच आहे ती. इथेच नोकरीला आहे." मराठी म्हणे! पणजोबांच्याही आधी कुणाला तरी उसाच्या मळ्यात राबायला नेलं, त्यांची ही पोर. मराठी उरली असेल किती? इथे दोह्यात जन्मलेली आमची धाकटी ईशा मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देते. आता नातवंडं फ्रेंचमध्ये रडणार! मी मनाशी पक्कं केलं, गणपतीला बोलवायचं, पोटभर जेवू घालायचं आणि नाही म्हणून मोकळं व्हायचं. मुलगा एकुलता एक, तो असा समुद्रात सोडायचा नव्हता मला.

चतुर्थीला इथे कुठली सुट्टी! ऑफिसं सुटल्यावर सगळे अल हिलालच्या आमच्या फ्लॅटवर जमले. दुर्वा आणि केळीची पानं मी सकाळीच अल मन्सूराच्या बाजारातून आणली होती. ती मुलगी, अंजना, साडी नेसून आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, आपली प्रकृती कशी आहे?"

प्रकृती! ती कुणी शेवटची कधी विचारली होती, देव जाणे. "मराठी कुठे शिकलीस गं?" मी विचारलं.

"शाळेत, काकू. आमच्याकडे मराठी हा विषय घेता येतो."

अभिजितला आवडते म्हणून मोदकांबरोबर पुरणपोळीही केली होती. या पोरीने काय करावं? पोळीत बटाट्याची भाजी भरली, वर मिरचीचं लोणचं, गुंडाळी केली आणि घेतला की चावा! "अगं बाई, गोड आहे ते!" मी ओरडले. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्याकडे डाळ भरलेली पुरी रस्त्यावर मिळते म्हणे, ती अशीच तिखटजाळ खातात. "क्षमा असावी," म्हणाली, पण सगळी संपवलीन, पानात टाकली नाही. तेवढ्यावर मी जरा मऊ झाले.

"सांग बघू, कसा आहे तुझा देश?"

ती ताठ बसली आणि शाळेतल्या भाषणासारखी सुरू झाली. "आमचा देश हिंद महासागरातील एक लहान बेट आहे. ज्वालामुखीपासून ते निर्माण झाले. पूर्वी तेथे मनुष्यवस्ती नव्हती. डच आले, फ्रेंच आले, इंग्रज आले. आम्हांस उसासाठी नेण्यात आले. सभोवती प्रवाळ आहे, म्हणून लाटा किनाऱ्यापाशी शांत होतात. आम्हांस सैन्य नाही. ईद, नाताळ, चिनी नववर्ष, सर्वांस सुट्टी असते. गणेश चतुर्थीचीही संपूर्ण देशास सुट्टी असते."

"अख्ख्या देशाला?" ईशा ओरडली. चक्क मराठीत!

मी थक्क झाले. नकाशात बोटाखाली झाकला जाईल एवढा देश, आणि केवढं मोठं मन!

तेवढ्यात अंजनाच्या आईचा, मधुराबाईंचा, व्हिडिओ कॉल आला. त्या तिकडच्या क्रेओल भाषेत बोलायच्या आणि अंजना मराठीत सांगायची. मागे अंगणात ढोलकी वाजत होती, माणसं गोल धरून नाचत होती. अहो, जाखडी! आमच्या गुहागरची जाखडी! ते तिला झाकरी म्हणतात, पण पावलं तीच.

"तुमचं विसर्जन कुठे असतं?" त्यांनी विचारलं.

"बादलीत. बाथरूममध्ये."

"मागून नाचतं कोण?"

"कोणी नाही. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आरतीसुद्धा हळूच म्हणतो."

अंजनाने ते सांगितलं. मधुराबाई डोळ्यांना पदर लावून काहीतरी म्हणाल्या. अंजना अडखळली.

"बोल गं, काय म्हणाल्या?"

"म्हणते, एवढ्या लांब या बाई एकट्या कशा राहतात? पुढच्या वर्षी गणपती आमच्या गावी घेऊन या. सगळा गाव मागून नाचेल."

मी हिला नाही म्हणायला बसले होते, आणि ती माउली तिकडे माझ्यासाठी रडत होती! एरवी माझी कीव केलेली मला खपत नाही, भांडायलाच उठते मी. पण त्या क्षणी हुंदकाच फुटला. अंजनाच्या हातातला फोन ओढून घेतला आणि कळो न कळो, माझ्याच भाषेत म्हटलं, "येते हो, विहीणबाई!"