अकरावा धडा

माझी बायको सव्वीस वर्षं रुग्णवाहिकेवर होती. शेवटच्या चार वर्षांत तिने मोबाइलवर धडे रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकले. सगळे फुकट. ज्यांना शिकायला शहरात येणं परवडत नाही, अशा रुग्णवाहिकेवरच्या लोकांसाठी. एकूण तेवीस. प्रत्येकाच्या शेवटी ती म्हणायची, "चुकलं असेल तर खाली लिहा, मी बदलते."

मी शिंपी. माझं कापड कापायचं टेबल हे तिचं स्ट्रेचर आणि मी पेशंट. बहुतेक धड्यांत माझे नुसते पाय दिसतात. अकराव्यात मात्र मी बोललो. छातीत दुखणाऱ्या पेशंटला ऑक्सिजन द्यायचा, तो धडा. तिने मास्क चढवला आणि मी म्हणालो, "अगं, नाक दाबतेयस."

"अहो, पेशंटने बोलायचं नसतं."

"मग काय करायचं असतं?"

"कण्हायचं. लग्नाच्या फोटोत तोंड केलंय ना, तसं करा."

आणि ती हसत सुटली. ते हसू तिला नंतर काढता आलं नाही, तसंच राहिलं.

गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून दुकान उघडायच्या आधी मी रोज तो धडा लावतो.

मुलगीही रुग्णवाहिकेवरच आहे. परवाच्या रविवारी आली ती दारातूनच म्हणाली, "बाबा, अकरावा धडा काढावा लागेल."

"का? कुणाचं काय घेतलंय त्याने?"

"आई त्यात सांगते, छातीत दुखलं की लगेच ऑक्सिजन. पूर्वी तसंच शिकवायचे. आता आधी बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा आणि कमी असेल तरच द्यायचा. उगाच दिला तर फायदा नाही, नुकसान होऊ शकतं."

"मग वर एक ओळ लिही ना, जुनं आहे म्हणून."

"ओळ कोण वाचतं? तुम्ही औषधाच्या बाटलीवरची वाचता?"

बायकोच्या खात्याचा पासवर्ड माझ्या मापाच्या वहीत होता. मी म्हणालो, वही सापडत नाही. वही माझ्या कोपराखालीच होती. पोरीने पाहिली आणि नुसती म्हणाली, "कॉपी काढून देते तुम्हाला."

मला कॉपी नको होती. कॉपीत ती माझी एकट्याची. तिथे इंटरनेटवर ती अजून शिकवत होती, लोक तिला मॅडम म्हणत होते.

गुरुवारी सकाळी धडा लावला तर खाली कुणा बाईने लिहिलेलं होतं. "मॅडम, तुमचा धडा पाठ केलाय. सोमवारपासून गाडीवर मी एकटीच आहे. यात काही बदललंय का?"

मी दोनदा वाचलं. बायको असती तर हातातला चहा तसाच ठेवून कामाला लागली असती. मला तर चार दिवस आधीपासून माहीत होतं.

मुलीला फोन केला. "वही सापडली."

"बरं झालं," ती म्हणाली. एवढंच. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

दुपारी ती आली. मी टेबल रिकामं केलं आणि आडवा झालो. तिने माझ्या बोटाला चिमटा लावला, आकडा कॅमेऱ्याला दाखवला आणि म्हणाली, "सत्त्याण्णव. यांना ऑक्सिजन नको." तिचा हात आईसारखाच गार होता. मी बोललो नाही. शेवटी ती "चुकलं असेल तर" एवढं म्हणाली आणि थांबली. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा पूर्ण म्हणाली.

जुना धडा मीच काढला. बाईने लिहिलेलंही त्याच्याबरोबर जाणार होतं, म्हणून तिला आधीच निरोप पाठवला. "हो, बदललंय. नवा धडा आजच टाकलाय, सोमवारच्या आत बघा. मॅडम आता नाहीत. असत्या तर त्यांनीच बदललं असतं."

खाली नाव काय लिहावं ते सुचेना. मग 'पेशंट' लिहिलं.