शिंकेची नोटीस

सरूबाई मूळची वर्ध्याकडची. शनिवार पेठेतल्या एका मिरची कांडपात ती कामाला होती. दिवसभर नाकात तिखट जायचं, त्यामुळे संध्याकाळी घरी आली की शिंका सुरू. शिंकही अशी की खाली रस्त्यावरचा रिक्षावाला दचकून ब्रेक मारायचा.

तिच्या भाड्याच्या खोलीचे मालक शरच्चंद्र, निवृत्त मुख्याध्यापक, शेजारच्याच खोल्यांत राहायचे. त्यांनी एक दिवस टाइप केलेली नोटीस तिच्या हातात ठेवली. ‘आपल्या शिंकांमुळे भिंतीचे पोपडे पडतात. आठ दिवसांत खोली रिकामी करावी.’

सरूबाईनं दोन दिवस नाक दाबून काढले. शिंक दाबली की कानात शिट्टी वाजायची. शेवटी कांडपातली गोदाबाई म्हणाली, "वकिलाकडं का जात नाहीस?"

"वकील का फुकट बोलते?"

"शनिवारी बोलते. शाळेत."

पेठेतल्या शाळेत दर शनिवारी मोफत कायदा सल्ला मिळायचा. ॲडव्होकेट स्वराली दुसरीच्या वर्गातल्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिनं नोटीस दोनदा वाचली.

"मॅडम, मले शिंक आली तं मी काय करू?" सरूबाईचे डोळे भरून आले.

"शिंका. कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला कुणी बाहेर काढू शकत नाही. फीचं टेन्शन घेऊ नका, इथं फी नाही. मालकांना पुढच्या शनिवारी बोलवून घेऊ."

शरच्चंद्र वेळेआधी पाच मिनिटं आले, सोबत पत्नी श्यामलाबाई आणि काखेत वही. त्यांनी उभं राहूनच वाचायला सुरुवात केली. "सोमवार, सहा वाजून दहा मिनिटं. शिंका दोन. मंगळवार, शिंका चार, पैकी एक अर्धवट."

"अर्धवट शिंकेनं किती पोपडे पडले?" स्वरालीनं विचारलं.

"आपण थट्टा करताय."

"नाही हो, नोंद करतेय. दिवाळीतल्या नोंदी वाचता?"

"दिवाळीत तर कहर! सात, नऊ, अकरा!"

"मी तं दिवाळीत गावाले होती," सरूबाई म्हणाली. तिनं पिशवीतून रेल्वेची तिकिटं काढली. जाण्याचं आणि येण्याचं, मध्ये सोळा दिवस.

शरच्चंद्रांनी पान उलटलं, परत उलटलं.

"अहो," श्यामलाबाई हळूच म्हणाल्या, "त्या तुमच्या होत्या. तपकिरीच्या."

"पण मग पोपडे?"

"गच्चीवरची टाकी गळतेय. दोन वर्षं सांगतेय मी."

शरच्चंद्र बाकावर बसले. बाक लहान असल्यामुळे फारच खाली गेले. स्वरालीनं तिथंच समजुतीचा कागद लिहिला: नोटीस मागे, टाकीची दुरुस्ती मालकांकडे. त्यांनी सही करण्याआधी तिच्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सुधारल्या.

सरूबाईला हसावं की रडावं कळेना. तिनं आधी स्वरालीचा हात धरला, मग घाईत शरच्चंद्रांचाही.

पुढच्या शनिवारी ती कांडपातल्या चौघींना घेऊन शाळेत हजर. एकीच्या दाराला मालकानं कुलूप ठोकलं होतं, दुसरीच्या जन्मदाखल्यावर ‘पुरुष’ लिहिलेलं होतं.

"लाजू नका," ती रांगेत सगळ्यांना बजावत होती, "मॅडमनं माह्या शिंकांचं ऐकून घेतलं, तुमचं तं ऐकतीनच."